उजव्या पानावरच्या सहा ओळी

ही गोष्ट माझ्या बायकोला ठाऊक नाही. मुलाला नाही, विभागातल्या ज्या दोघा-तिघांबरोबर तीस वर्षं चहा प्यालो त्यांनाही नाही. मग तुम्हाला काय म्हणून सांगायची? — तर तुमची-माझी ओळख नाही म्हणून. ओळखीच्या माणसासमोर बसलो की जीभ भलतंच बोलायला लागते. दोनदा प्रयत्न करून पाहिला. एकदा हवापाण्यावर बोलून उठलो, एकदा चक्क कापसाच्या भावावर — आणि मला कापसातलं ओ की ठो कळत नाही.

मी तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक होतो. हैदराबादच्या एका विद्यापीठात जर्मन आणि प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञान शिकवलं. आता निवृत्त होऊन आदिलाबादला राहतो. माझ्यावर दोन-तीन कौतुकाचे लेख आले आहेत आणि त्यांत एक शब्द हमखास असतो — प्रामाणिक. बौद्धिक प्रामाणिकपणा कसा असावा तर या माणसासारखा, असं एकानं लिहिलंय. तो लेख मी कापून ठेवलेला नाही, पण पाठ आहे. आणि याच माणसानं आपल्या एका विद्यार्थिनीचा शोध दाबला, तिची वाट बंद केली आणि — थांबा. एकदम नको. एकदम सांगायला गेलो तर मधलं काहीतरी गाळीन. गाळण्यात मी तरबेज आहे. क्रमानं सांगतो.

माझे वडील बोथच्या तहसिलीत पेशकार, म्हणजे कागदपत्रं सांभाळणारे कारकून होते. निजाम जाऊन जमाना झाला होता, पण कचेरीत त्याचीच बोली चालायची — मिसल, दस्त, नक्कल, मुकाबला. मुकाबला म्हणजे भांडण नव्हे. जमिनीच्या कागदाची नक्कल लिहून झाली की एकानं असल दस्त मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं नकलेवर बोट ठेवत ओळ न् ओळ ताडून पाहायची, याला मुकाबला म्हणायचे. तो झाल्याखेरीज वडील सही करत नसत. लोक ताटकळायचे, चिडायचे. वडील ढिम्म. मला म्हणायचे, "नक्कल पाहून कोनी जमिनीत पाय ठेवते काय रे? पह्यले असल पाह्य." मी तेव्हा हसायचो. मला वाटायचं, बाबांचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या सातबाऱ्यात चाललंय, आपण काही मोठं करू.

मोठं म्हणजे काय, तर हैदराबादला जाऊन तत्त्वज्ञान. घरच्यांना वाटलं पोरगं वेडं झालं. संध्याकाळच्या वर्गाला जाऊन जर्मन शिकलो. ती मात्र मन लावून शिकलो, त्यात खोट नाही. ग्रीक? ग्रीक अक्षरं ओळखता येत होती. कोश समोर घेऊन एखादा शब्द उकलता यायचा. पण पान वाचायचं म्हणाल तर — नाही. कधीच नाही. हे मी आजवर कुणापुढं कबूल केलेलं नाही. मला ग्रीक येतं असं लोक समजत गेले आणि मी समजू दिलं. फळ्यावर एखादी ग्रीक ओळ झोकात लिहायचो. पोरं वहीत चित्रासारखी उतरवून घ्यायची.

माझ्या पीएच.डी.चा विषय होता मैत्रीवरची एक जुनी ग्रीक पोथी. पोथी कसली, फाटक्या कागदाचे तुकडे. लिहिणारा कोण तेही नक्की नाही. एका जर्मन पंडितानं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ते तुकडे जुळवून छापले होते — डाव्या पानावर ग्रीक, उजव्या पानावर जर्मन भाषांतर. ते पुस्तक आपल्याकडं मिळत नव्हतं. माझ्या हाती आली ती झेरॉक्सची झेरॉक्स. पुस्तकाच्या शिवणीकडची बाजू झेरॉक्समध्ये काळी पडते, तुम्ही पाहिलं असेल. आणि बाहेरची कड कापली जाते. सुरुवातीची साठेक पानांची प्रस्तावना कुणी काढलीच नव्हती. मीही कधी मागवली नाही. प्रस्तावना कोण वाचतो?

मी उजवं पान वाचत गेलो. आणि शेवटाकडं मला सहा ओळी सापडल्या. त्यांत असं होतं की मित्राची चूक दिसली तरी खरा मित्र लगेच बोलत नाही, तो गप्प राहतो, आणि ते गप्प राहणंही मैत्रीचाच भाग असतं. बाकी सगळे ग्रीक बोलणारे, वाद घालणारे, बाजारात माणसाला अडवून प्रश्न विचारणारे — आणि इथं कुणीतरी मौनाची बाजू घेत होता! मला किती आनंद झाला सांगू? चार दिवस नीट जेवलो नाही. त्या सहा ओळींवर प्रबंध उभा राहिला, प्रबंधावर पुस्तक, पुस्तकावर नोकरी, बढती, जर्मनीची तीन आमंत्रणं. 'मौनाचा सिद्धांत' म्हटलं की लोक माझं नाव घ्यायचे. फार लोक नव्हे. आमच्या धंद्यात सगळे मिळून एका बसमध्ये मावतात. पण त्या बसमध्ये मला खिडकीची जागा होती.

आता वनिता.

ती बोथकडचीच. तिचे वडील देवराव भाजीवाले. दोन एकरांत वांगी, मेथी, टमाटे काढायचे आणि आठवड्यातून दोन-तीनदा आदिलाबादच्या रैतू बाजारात, शेतकऱ्यांच्या मंडईत, आणून बसायचे. तिनं एम.ए.ला माझ्याकडं प्रवेश घेतला तेव्हा मला गंमत वाटली आणि — खरं सांगतो — थोडा गर्वही. आपल्या गावची पोर, आपल्या विषयात. वर्गात ती इंग्रजी बोलायची, माझ्या खोलीत आली की सरळ गावची बोली. मला ते ऐकून बरं वाटायचं. हैदराबादेत माझ्याशी तसं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

ती पीएच.डी.ला लागली आणि पहिल्याच महिन्यात म्हणाली, सर, मी ग्रीक शिकते. मी म्हटलं, शीक की. मनात म्हटलं, चार महिन्यांत कंटाळेल. ती कंटाळली नाही. कुठल्याशा पाद्रीबाबांना गाठून आठवड्यातून तीनदा शिकवणी लावली. दुसऱ्या वर्षी ती माझ्यासमोर डावं पान वाचायची — बोट ठेवून, हळूहळू, पण वाचायची. मी समोर बसून मान डोलवायचो. ती कधी अडली आणि वर बघितलं की मी म्हणायचो, तूच विचार कर, मी सांगितलं तर तुला काय मिळणार? याला ती माझी शिकवण्याची पद्धत समजायची. मला सांगा, यापेक्षा हलकं काही असतं? असतं. पुढं आहे.

मीच खटपट करून तिला सहा महिन्यांसाठी जर्मनीला पाठवलं. हे माझ्या खात्यावर जमा धरू नका. परत आल्यावर माझ्या पुस्तकाचा पुढचा भाग लिहायला तिचा उपयोग होईल, हा हिशेब होता. तिथल्या ग्रंथालयात तिनं ते पुस्तक पाहिलं. झेरॉक्स नव्हे, पुस्तक. परत आली ती सामान खोलीवर टाकून थेट विभागात आली. ऊन डोक्यावर आलेलं, चेहरा लाल. दार लोटून घेतलं, फोनवर चार फोटो उघडून माझ्यापुढं धरले.

त्या सहा ओळींना चौकोनी कंस होते.

आमच्या धंद्यात त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. मूळ कागद तिथं फाटलेला आहे. संपादकानं अंदाजानं, स्वतःच्या मनानं मजकूर भरला आहे. सुरुवातीचा कंस माझ्या झेरॉक्सच्या काळ्या पट्ट्यात बुडाला होता आणि शेवटचा कापलेल्या कडेबरोबर गेला होता. प्रस्तावनेत त्या पंडितानं स्वच्छ लिहिलंही होतं की या ओळी माझ्या, खात्री नाही, पुढच्यांनी तपासाव्यात. म्हणजे माझा तो प्राचीन ग्रीक, मौनाची बाजू घेणारा — तो नव्हताच. एका जर्मन माणसानं आपल्या अभ्यासिकेत बसून रचलेली ती वाक्यं होती. वीस वर्षं मी त्यांच्यावर भाषणं ठोकली होती, जर्मनीत जाऊनही, ते पुस्तक एकदाही न उघडता.

वनिता घाबरलेली होती. माझ्यासाठी घाबरलेली — हे लक्षात घ्या. म्हणाली, "सर, मी चुकून तं नाही राह्यली ना? दोनदा पाह्यलं मी. तुमी एकदा पाहा. मंग तुमीच लिहा, तुमच्याच नावानं लिहा. माहं नाव नाही आलं तरी चालते."

ऐकलंत? माझी चूक मीच सुधारावी, मान माझा राहावा, अशी वाट तिनं मला काढून दिली होती. मला फक्त हो म्हणायचं होतं. गुरूनं शिष्याकडून हरण्याची इच्छा धरावी असं आपल्याकडं म्हणतात. शिक्षक दिनाला मी हे किती वेळा म्हटलं असेल! आणि हरायची वेळ आली तेव्हा मी काय केलं? घसा खाकरला, चष्मा पुसला आणि म्हणालो, "छान. खूप छान. पण घाई नको. मी जरा तपासतो. तोवर प्रबंधात घालू नकोस, कुणाशी बोलूही नकोस." तिनं मान हलवली आणि ते फोटो मला मेलनं पाठवून दिले, तपासायला सोपं जावं म्हणून.

मी काय तपासणार होतो? डावं पान मला वाचता येत नव्हतं.

महिन्यामागून महिने गेले. ती विचारायची, मी म्हणायचो, पाहतोय. मग तिनं विचारणं कमी केलं. शेवटी मी तिला समजावलं की हे प्रकरण प्रबंधातून काढून टाक, नंतर आपण स्वतंत्र लेख करू. तिनं काढलं. राहिलेला प्रबंध नीटस होता, साधा होता, पास झाला. मौखिक परीक्षेला देवराव पांढरं धोतर, नवं उपरणं घालून हैदराबादला आले होते. माझ्या पायाला हात लावायला वाकले. वयानं ते माझ्याहून मोठे. मी त्यांना उठवलं, पण पुरतं वाकू दिल्यावर. असं का लिहितोय? तसं झालं म्हणून.

इथवर तुम्ही म्हणाल, माणूस भित्रा आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची धरून बसला. भित्रा असतो तर बरं होतं.

पुढच्या वर्षी जर्मनीतल्या त्याच विद्यापीठात तीन वर्षांची संशोधनाची जागा निघाली. वनितानं अर्ज केला. निवडीत ती पुढं होती. तिथल्या प्राध्यापिकाबाईंनी मला खासगी मेल लिहिला. बाकी सगळं उत्तम आहे, एकच विचारायचं आहे, जागा हस्तलिखितांवरच्या कामाची आहे, तर हिचं ग्रीक कितपत पक्कं आहे? तुम्ही गुरू, तुम्हीच सांगा.

तो मेल मी सकाळी वाचला. दुपारपर्यंत उत्तर दिलं नाही. काय चाललं होतं मनात? ती तिथं गेली तर ते तुकडे पुन्हा उघडणार, पहिल्याच वर्षी ते कंस छापून येणार, एवढं एकच चाललं होतं. तिची मेहनत, तिचा बाप, तिचं वय — यांतलं काहीच मनात आलं नाही. आलं आणि मी बाजूला सारलं, असंही नाही. आलंच नाही. जेवून उठलो आणि दोन वाक्यं लिहिली. अत्यंत मेहनती आणि नम्र विद्यार्थिनी आहे. मात्र मूळ भाषेतला तिचा पाया अजून कच्चा आहे, हे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं.

'प्रामाणिकपणे' हा शब्द मी घातला. तो घालायची गरज नव्हती.

ज्याला ग्रीकचं एक पान वाचता येत नाही, त्यानं जिला येतं तिच्याबद्दल हे लिहिलं. आणि जग म्हणालं, बरोबर आहे, गुरूच सांगतोय.

जागा दुसऱ्या कुणाला गेली. बाईंनी तिला चांगुलपणानं कळवलं की ग्रीक आणखी पक्कं करा आणि पुन्हा अर्ज करा. ते पत्र घेऊन ती माझ्याकडंच आली. दुसऱ्या कुणाकडं जाणार? रडली नाही. खुर्चीत बसून पत्राची घडी घालत आणि उलगडत राहिली. मला म्हणाली, "सर, मले वाटे का मले येते. येत नव्हतं वाटते." मी तिच्यासाठी चहा मागवला. धीर दिला. म्हटलं, भाषा अशीच असते, वर्षानुवर्षं लागतात, लहानपणापासून कानावर पडलेली नसते ना. हे सगळं मी बोललो, तोंडानं, आवाज न कापता. ती हो-हो म्हणत होती. जाताना तिचा ग्रीकचा जाडजूड कोश माझ्या टेबलावर ठेवून गेली. म्हणाली, आता याचं काय करू, तुमाले उपयोगी पडंल.

उटनूरच्या एका गुरुकुल शाळेत ती कंत्राटी शिक्षिका झाली. अजून तिथंच आहे. आठवी-नववीला सामाजिक शास्त्रं शिकवते, वसतिगृहाची देखरेखही तिच्याकडंच असते. लग्न झालं, एक मुलगी आहे. ती दुःखी आहे असं मी म्हणणार नाही. ते म्हणायचा मला अधिकार नाही, आणि सुखी आहे म्हणायचा तर मुळीच नाही.

मी निवृत्त झालो, आदिलाबादला घर घेतलं. देवरावांना कुठून तरी पत्ता कळला. तेव्हापासून बाजारात आले की पिशवीभर भाजी माझ्या दारात. मी पुष्कळ नको म्हटलं. ते म्हणतात, "तुमी होते म्हनून पोरगी डाक्टर झाली, सर. नाही तं आमाले काय समजते त्या जर्मनातलं? वांगे कवळे हायेत, आजच तोडले." बायको वांगी घेते, मसाला भरून करते. मी जेवतो. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला खवखवलं नाही फारसं. जेवण जायचं. हेच सांगायला जास्त लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी एका तरुण जर्मन संशोधकाचा लेख आला. त्यानं ते कंस दाखवून दिले होते. माझ्या सिद्धांताचा पाया काढून घेतला, पण सभ्यपणे. लेख छापायच्या आधी त्यानं मला पाठवला होता, उत्तर द्यायचं असेल तर द्या म्हणून. मी काय केलं असेल? सकाळी आंघोळ करून संगणकावर बसलो. आधी वनिताचा दहा वर्षांपूर्वीचा मेल शोधला, चार फोटोंसकट. तो पुसला. मग केरपेटीतूनही पुसला. त्या बाईंना लिहिलेली दोन वाक्यं नाही पुसली, त्यांच्यापासून मला धोका नव्हता. आणि मग बसून एक पानी उत्तर लिहिलं. माझी चूक झाली. तीस वर्षं मी एका संपादकाचे शब्द प्राचीन समजत आलो. या तरुण मित्रानं माझे डोळे उघडले, त्याचा मी ऋणी आहे.

फार सुंदर उत्तर होतं ते. हातचं काही राखलं नाही असं वाटावं, असं. लोक हेलावले. एवढ्या मोठ्या माणसानं, या वयात, आयुष्यभराचं काम एका पानात मागं घेतलं! कौतुकाचे ते लेख आले ते तेव्हा. हैदराबादला माझं व्याख्यान ठेवलं — चूक मान्य करण्याचं धैर्य या विषयावर. मी दिलं. मौनाच्या सिद्धांतानं मला जेवढं नाव दिलं नव्हतं तेवढं तो मागं घेतल्यानं मिळालं. आता सांगा, ही चोरी कुठल्या कलमात बसते?

मग आदिलाबादच्या मराठी मंडळींनी सत्कार ठेवला. शाळेच्या सभागृहात, रविवारी सकाळी. शाल, नारळ, एक मोठी तसबीर. गावच्या सुपुत्रानं वगैरे. कुणीतरी माझ्या त्या उत्तराचा मराठी तर्जुमा वाचून दाखवला. टाळ्या. मी हात जोडून उभा असताना तिसऱ्या रांगेत वनिता दिसली. शेजारी देवराव, ते सगळ्यांत जोरानं टाळ्या वाजवत होते. ती वाजवत नव्हती. तर्जुमा वाचला जाताना ती पुढं सरकून बसली होती आणि संपल्यावरही तशीच बसून राहिली.

कार्यक्रम उरकला, लोक पोहे खायला पांगले. ती दोघं माझ्याकडं आली. वनिताच्या केसांत पांढरं दिसायला लागलंय. पाया पडली. आणि मग हळूच, आजूबाजूला कुणी नाही हे बघून — माझी शोभा होऊ नये म्हणून बघून, हे मला तेव्हाही कळलं — म्हणाली,

"सर, हे कंसाचं... मी जर्मनीहून आल्यावर तुमाले दाखवलं होतं ना? फोनवर? का मले उगाच वाटून राह्यलं?"

तिनं हे आरोप म्हणून विचारलं नाही. खरंच विचारलं. एवढ्या वर्षांत तिचा स्वतःवरचा भरवसाच गेला होता, आणि तो परत मिळेल का हे ती मला विचारत होती. एक शब्द पुरे होता. 'हो.' लेख नको, सभा नको, कुणाला कळलंही नसतं. हो, वनिता, दाखवलं होतंस. तूच पहिली. आजूबाजूला कुणी नव्हतं, माझं काही जात नव्हतं, सत्कार झालेला, शाल अंगावर. यात भिण्यासारखं काय होतं?

मी कपाळाला आठ्या घातल्या. आठवल्यासारखं केलं. आणि म्हणालो, "नाही गं. मला नाही आठवत."

देवराव मधे पडले. "काऊन इचारतं वो पोरी सरांले असं? त्याईच्या डोक्यात हजार गोष्टी." आणि माझ्याकडं वळून हसले, पोरीच्या वतीनं माफी मागितल्यासारखे.

ती माझ्याकडं बघत होती. मग म्हणाली, "असन, सर. मलेच नीट आठवत नसन." आणि वडिलांना घेऊन पोह्यांच्या टेबलाकडं गेली.

तिनं मला ओळखलं, की स्वतःवरचा उरलासुरला विश्वासही तिथंच सोडला? मला माहीत नाही. पहिलं झालं असेल तर ती मोकळी झाली. मला वाटतं, दुसरं झालं. त्या सभागृहात मी तिच्या हातून तिची आठवण काढून घेतली. जर्मनीची जागा घेतली होती ती निदान भीतीपोटी. हे कशापोटी घेतलं, याचं नाव मला तीस वर्षांच्या तत्त्वज्ञानात सापडलेलं नाही.

तिला अजून सांगितलेलं नाही. इथून उटनूर तासा-दीड तासाचा रस्ता आहे, बसेस आहेत. मी गेलेलो नाही. त्या तरुण जर्मनालाही कळवलेलं नाही की त्याच्या आधी कुणी होतं. त्याऐवजी हे लिहिलं, मराठीत, जिथं तो वाचणार नाही. आणि कुणी ते तिच्यापर्यंत नेऊ नये अशी तजवीज केली आहे. वनिता हे तिचं नाव नाही. शाळेचं गाव बदललंय, बापाचा धंदा बदललाय, वांगीही खरी नाहीत. हे वाचून कुणालाही ती सापडणार नाही, आणि तो शोध तिचा होता हे आजही कुणाला कळणार नाही. ही नावं मी तिच्या भल्यासाठी बदललेली नाहीत.